निफ्टी क्लोजिंगची वही: ३ ते १० जून २०२४ चा हिशेब

आधी नियम, कारण मागच्या वेळी दोघांनी विचारलं होतं. आम्ही सहा जण. सकाळी नऊच्या आत निफ्टीचं (शेअर बाजाराच्या निर्देशांकाचं) त्या दिवसाचं क्लोजिंग, म्हणजे बंद होतानाचा आकडा, किती येईल त्याचा अंदाज ग्रुपवर टाकायचा, दशांशासकट चालला तरी हरकत नाही. खऱ्या बंदपेक्षा जेवढे अंक वर किंवा खाली, तेवढी चूक. आठवड्याची बेरीज ज्याची जास्त, त्याच्याकडून निपाणी स्टँडजवळ सगळ्यांना चहा आणि मिरची भजी. पैसे लावायचे नाहीत, हे पहिल्याच दिवशी ठरलंय. तरी आमची काकू अजून संशयानंच बघते. "क्लोज काय आला?" असं मी फोनवर विचारलं की ती स्वयंपाकघरातून डोकावते. चूक तिची नाही. आमच्या भागात ओपन, क्लोज आणि आकडा हे तिन्ही शब्द मटक्यानं कधीच पळवलेत. आणि मटकासुद्धा मुळात न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराच्या उघडत्या-बंद भावावरच चालायचा, म्हणजे काकू फारशी चुकत नाही.

आता आठवडा. लोकसभा निवडणुकीच्या निकालाचा होता, त्यामुळे सगळ्यांच्याच वह्या फाटल्या.

सोमवारी, ३ जूनला, एक्झिट पोल बघून मी २२,९०० लिहिलं आणि स्वतःला फार धाडसी समजलो. बाजार उघडतानाच २३,३०० च्या वर. बंद २३,२६३.९०, तोवरचा विक्रम. चूक ३६३.९०.

मंगळवारी डोक्यात वारं शिरलेलं. २३,४५०. घरात एका टीव्हीवर मतमोजणी, हातातल्या मोबाईलवर बाजार, आणि दोन्हीकडचे आकडे एकाच तालात पडत होते. दुपारी निफ्टी २१,३०० च्याही खाली जाऊन आला. बंद २१,८८४.५०. एका दिवसात १,३७९.४० अंक, जवळजवळ सहा टक्के. माझी चूक १,५६५.५०. बुधवारी घाबरून २१,६०० दिलं, तर तो उलटा वर, २२,६२०.३५. चूक १,०२०.३५. गुरुवारी एक्स्पायरी (ऑप्शनच्या सौद्यांची मुदत संपायचा दिवस) असून नेम बसला: २२,९०० ला २२,८२१.४०, फक्त ७८.६० नं हुकलो. शुक्रवारी २२,७५० लिहिलं, बंद २३,२९०.१५, परत ५४०.१५.

बेरीज ३,५६८.५०.

आता अण्णांचं. अण्णांची तंबाखूची वखार आहे. चार्ट बघत नाहीत, गिफ्ट निफ्टी (गिफ्ट सिटीत चालणारा निफ्टीचा वायदा, त्यावरून सकाळी बाजार कुठं उघडेल याचा अंदाज घेतात) म्हणजे काय ते माहीत नाही. रोज सकाळी कालचं क्लोजिंग जसंच्या तसं उतरवून पाठवतात, बस्स. त्यांची बेरीज ३,५१८.२५. म्हणजे एवढ्या वादळी आठवड्यातही कालचाच आकडा माझ्यापेक्षा ५०.२५ अंकांनी सरस. मी विचारलं, "अण्णा, हे काय चाललंय?" तर म्हणाले, "अरे, दर बदलायचा असला तर मला आधी कोण सांगणार हाय?"

तेच खरं दुखणं आहे. मी गेले दोन महिने व्हिक्स (बाजार पुढं किती हलेल याचा अंदाज देणारा निर्देशांक) धरून बसलोय. व्हिक्सला १६ नं भागलं की दिवसाची साधारण हालचाल टक्क्यांत मिळते (वर्षात कामाचे दिवस साधारण २५२, त्याचं वर्गमूळ सोळाच्या आसपास). सोमवारी व्हिक्स २१ च्या जवळ होता, म्हणजे मंगळवारी ३०० अंक इकडे किंवा तिकडे. प्रत्यक्षात चौपटीहून जास्त गेला. पण तो सरळ चालला असता तरी व्हिक्स फक्त पट्टा किती रुंद ते सांगतो, दिशा सांगत नाही. दिशा मी माझ्या मनानं घालत होतो, आणि तिथंच मार खात होतो. पट्ट्याचा मधला बिंदू म्हणजे कालचं क्लोजिंग. अण्णा तिथंच उभे.

दोन किरकोळ गोष्टी. शहापूरच्या मामांनी पुन्हा साडेतीनला स्क्रीनवर दिसलेला आकडा धरला आणि भांडले. मामा, क्लोजिंग म्हणजे शेवटचा सौदा नव्हे. शेवटच्या अर्ध्या तासातल्या सौद्यांची प्रत्येक शेअरची भारित सरासरी काढतात आणि त्यावरून निर्देशांकाचं बंद ठरतं. म्हणून साडेतीननंतर आकडा थोडा हलतो. थांबून लिहा. दुसरं, हुक्केरीच्या दोस्तानं फोनवर आकडा कानडीतून सांगितला आणि मी 'ऐनूर'च्या जागी 'एळ्नूर' ऐकून पाचशेचे सातशे केले. यापुढं फोन बंद, फक्त लिहून.

शनिवारी मी ठराव मांडला: कालचा आकडा जसाच्या तसा देणं बंद, थोडा तरी हलवायचा. वहिनींनी लगेच अनुमोदन दिलं, त्याही अण्णांच्या मागंच होत्या ना. अण्णांनी मान डोलावली.

सोमवारी, १० जूनला, सकाळी साडेआठला त्यांचा मेसेज आला: २३,२९१.१५. शुक्रवारच्या बंदमध्ये एक मिळवला होता. माझे पुन्हा २३,४५०.

बंद २३,२५९.२०. अण्णांची चूक ३१.९५, माझी १९०.८०.