लाल झालेलं चोळू नये

फॉर्म भरताना जन्मसालाची यादी उघडली आणि बोटानं सरकवत राहिले. माझं साल काही येईना. शेजारी बसलेला मुलगा म्हणाला, "आई, अजून खाली आहेस तू."

वय ४३. बारावी होऊन २५ वर्षं झाली. गेली अकरा वर्षं लोकांच्या घरी जाऊन अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांचं करते. अंग पुसणं, कूस बदलणं, गोळ्या देणं, रात्र जागणं. आणि आता नर्सिंगची प्रवेश परीक्षा द्यायला निघालेय.

या वयात पाठ होत नसेल ना, असं जो तो विचारतो. होतं. चष्मा लागतो, चार वेळा जास्त वाचावं लागतं, पण होतं. माझं दुखणं निराळंच आहे. जे आधीचं पाठ आहे, ते जागा सोडत नाही.

हृदयाचंच घ्या. शाळेत घोकलेलं, धमनीत शुद्ध रक्त, शिरेत अशुद्ध. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. आणि नेमकी फुप्फुस धमनी आडवी येते. ती अशुद्ध रक्त फुप्फुसाकडे नेते, आणि फुप्फुस शिरा शुद्ध रक्त घेऊन परत येतात. खरा नियम रक्ताच्या रंगाचा नाहीच, दिशेचा आहे. हृदयापासून बाहेर नेते ती धमनी, हृदयाकडे आणते ती शीर. हे मला समजलं, पटलं, आणि तरीही सराव परीक्षेत तीनदा हाच प्रश्न चुकला. हात आधी जुन्या उत्तराकडे जातो. त्यात मी शिकले होते कर्णिका आणि जवनिका, नव्या पुस्तकात एट्रियम आणि व्हेंट्रिकल. शिवाय चित्रात हृदयाची डावी बाजू आपल्या उजव्या हाताला असते, कारण चित्रातला माणूस आपल्यासमोर तोंड करून उभा असतो. मी शेवटी चित्र छातीवर धरून आरशासमोर उभी राहिले, अन् मुलगा दार लोटून आला. असो.

जिभेचंही तसंच. शेंड्याला गोड, मागे कडू, असा नकाशा मी किती मन लावून रंगवला होता. तो खोटा निघाला. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडेच कळतात. हृदय बंद पडून कोसळलेल्या माणसाचंही तेच. फार पूर्वी प्रथमोपचाराच्या शिबिरात क्रम शिकवला होता, आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग छातीवर दाब. २०१० साली अमेरिकन हार्ट असोसिएशननं तो बदलला. आता आधी छातीवर दाब, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं.

म्हणून मी दोन वह्या केल्यात. एकीत नवीन गोष्टी. दुसरीवर लिहिलंय 'पुसायचं', आणि ती पहिलीपेक्षा लवकर भरतेय.

गणितानं मात्र मला सुखद धक्का दिला. अपूर्णांकांना मी आयुष्यभर घाबरत आले. पण ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं, सेटमधून १ मिलीला २० थेंब पडतात, तर मिनिटाला किती थेंब? हे मी डोळ्यांसमोर बघू शकते. बाटली टांगलेली दिसते, नळीतले थेंब दिसतात. ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे ४१.६७. थेंब काही तुटून पडत नाही, म्हणून ४२. दशांश चिन्हाचाही धडा मिळाला. मात्रा लिहिताना 'अर्धा'साठी ०.५ लिहायचं, नुसतं .५ नाही, कारण टिंब दिसलं नाही तर वाचणारा ५ वाचेल. आणि ५ लिहायचं असेल तर ५.० नाही, कारण तेच टिंब दिसलं नाही तर ५० होतील. एवढ्याशा टिंबावर दहापट औषध! शाळेत कुणी असं सांगितलं असतं तर मी गणिताशी जरा बरी वागले असते.

एक फजिती सांगते. पहिल्या सराव परीक्षेत २३वा प्रश्न सोडला आणि उत्तरपत्रिकेवरचा त्याचा गोल सोडायला विसरले. पुढची सगळी उत्तरं एकेक घर वर सरकली. आता दर दहा प्रश्नांनी आकडा जुळवून बघते.

पण 'पुसायचं' वहीतलं एक पान मला बघवत नाही. प्रवेश परीक्षेत ते येईल असंही नाही. मैत्रिणीचं नर्सिंगचं पुस्तक चाळताना सापडलं. पडून राहिलेल्या माणसाच्या माकडहाडावर, टाचेवर लाल डाग दिसला तर तो चोळू नये. खालची पेशीजालं आधीच दाबानं दुखावलेली असतात, चोळण्यानं आणखी फाटतात. दाब काढायचा, कूस बदलायची, त्वचा कोरडी ठेवायची.

मी अकरा वर्षं चोळत आले. तेल लावून, मायेनं, जोर लावून. मला हे करायला शिकवणारीनंही तेच सांगितलं होतं आणि तिलाही कुणीतरी तेच सांगितलं असेल. कूस मात्र मी दर दोन तासांनी न चुकता बदलत होते, एवढाच आधार. त्या रात्री अभ्यास झाला नाही. एकेक चेहरा आठवत बसले.

सध्या ज्या आजींकडे रात्रपाळी आहे, त्यांना हे मी सांगून टाकलं. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अगं, मग आजपासून नको चोळूस. आण ती तुझी चिठ्ठ्यांची पिशवी." प्रश्न लिहिलेल्या चिठ्ठ्या त्या डोळ्यांजवळ धरून वाचतात आणि अर्धवट उत्तर चालवून घेत नाहीत. काल रात्री अडीच वाजता त्यांना डाव्या कुशीवर वळवत होते, तर उशीत तोंड खुपसूनच विचारलं, "फुप्फुस धमनीत कसलं रक्त?"

मी म्हटलं, शुद्ध.

"हं. पुन्हा सांग."