गिंबा आणि गायब प्रेसिडेंट

काल रात्री झोपच येईना म्हणून 'गिंबा' परत लावला. मालीच्या शेख उमर सिसोकोचा १९९५चा सिनेमा, त्याच वर्षी फेस्पाकोत म्हणजे आफ्रिकन सिनेमाच्या सगळ्यात मोठ्या फेस्टिव्हलमध्ये पहिलं बक्षीस मारलेला. गोष्ट जुन्या काळातली. सिताकिली नावाचं गाव, मातीच्या भिंती, तिथला जुलमी राजा गिंबा आणि त्याचा ठेंगू पोरगा. पोराचं लग्न एका मुलीशी तिच्या जन्मापासून ठरलंय, पण याचं मन बसलंय तिच्या आईवर! आता बाप काय करेल? पोराला दोन कानाखाली देईल? छे, तो त्या बाईच्या नवऱ्यालाच गावाबाहेर हाकलतो, म्हणजे रस्ता मोकळा.

राजाच्या मागेमागे ग्रियो, म्हणजे आपल्याकडे भाट असायचे ना तसला माणूस. राजा बोले दळ हाले, आणि हा त्यावर स्तुतीची फोडणी घालत राहतो. मला गिंबापेक्षा हाच जास्त ओळखीचा वाटतो, का ते सांगत नाही, उगाच फॅमिली ग्रुपवर भांडणं नकोत.

मालीत हे बघताना कुणाला वेगळं समजावून सांगायची गरज नव्हती. मूसा त्राओरे १९६८ साली लष्करी बंड करून आला आणि २३ वर्षं बसला, मार्च १९९१ला त्याच्या सैन्याने निदर्शनं करणाऱ्यांवर गोळ्या घातल्या आणि मग लष्करानेच त्याला उचलला. म्हणजे सिनेमा आला तेव्हा खरा गिंबा ऑलरेडी जेलमध्ये होता.

याउलट कॅमेरूनच्या जाँ-पिएर बेकोलोने २०१३ला 'ल प्रेसिदाँ' काढला. इलेक्शन तोंडावर आणि प्रेसिडेंटच गायब, टीव्हीवाले सैरभैर, कसली मस्त आयडिया! पण तिथले प्रेसिडेंट पॉल बिया १९८२पासून खुर्चीवर आणि ते काही गायब व्हायला तयार नाहीत, मग सिनेमाच गायब केला, देशात दाखवायलाच बंदी. टिंगल तीच, फक्त एकाने साहेब गेल्यावर केली आणि दुसऱ्याने साहेब बसलेले असताना.

मालीचं पुढचं तर कुणी स्क्रिप्टमध्ये लिहिलं असतं तर अति झालं म्हणाले असते. त्राओरेला दोनदा फाशी सुनावली, ती काही दिली नाही, आणि २००२ला माफी देऊन सोडून दिलं. आणि त्याच वर्षी सिसोको देशाचा सांस्कृतिक मंत्री झाला.