हिंडमार्शला सहा गोल

बरोसाचे द्राक्षमळे आणि हानडॉर्फचं जर्मन गाव यांवर लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, मी भर घालत नाही. मावसबहिणीने हौसेने सगळं फिरवलं, पोटभर खाऊ घातलं. पण ऑस्ट्रेलियातलं ॲडलेड म्हटलं की मला आठवते १ ऑगस्ट २०२३ ची रात्र आणि हिंडमार्श स्टेडियमवरची ती हाडं गोठवणारी थंडी. महिला फुटबॉल विश्वचषक, इंग्लंड विरुद्ध चीन.

"चीनची मॅच? तुला काय पडलंय?" बहिणीने विचारलंच.

मला पडलं होतं ते चीनच्या प्रशिक्षक श्वेई चिंगश्या यांचं. शांघायच्या बाई, मधल्या फळीत खेळायच्या. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये चीनला रौप्य मिळालं त्या संघात होत्या. टोकियो ऑलिंपिकमध्ये चीनने नेदरलँड्सकडून आठ आणि ब्राझीलकडून पाच गोल खाल्ले, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये संघ त्यांच्या हाती आला. हातात जेमतेम दोन-अडीच महिने, आणि समोर आशियाई चषक, तोही आमच्या दारात!

मी नेरूळचा. डी. वाय. पाटील स्टेडियमचे दिवे लागले की आमच्या गच्चीवरून आभाळ उजळलेलं दिसतं. पण करोनामुळे प्रेक्षकांना बंदी. भारताच्या मुलींचा संघच आजारी पडला आणि स्पर्धेतून बाहेर गेला, तेव्हा उरलंसुरलं लक्षही उडालं. अंतिम सामना ६ फेब्रुवारी २०२२ ला. त्याच दिवशी सकाळी लतादीदी गेल्या. घरातले सगळे टीव्हीपुढे डोळे पुसत बसलेले, आणि मी कोपऱ्यात मोबाइलवर आवाज बंद करून फायनल बघत होतो. आईने एकदा असं बघितलं की बस्स.

मध्यंतराला दक्षिण कोरिया २-० पुढे. बाईंनी मध्यंतरानंतर चँग लिनयान ही चिमुरडी उतरवली, पुढे श्याओ यूयी. तांग ज्यालीने पेनल्टीवर पहिला गोल केला, चार मिनिटांत चँगचा दुसरा आणि भरपाईच्या वेळेत श्याओचा तिसरा. बदली उतरवलेल्या दोघींनीच कप खेचून आणला. मला मात्र ओरडायचीही सोय नव्हती. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नाही. एवढा मोठा सामना घरापासून रिक्षाच्या अंतरावर झाला आणि तो मी बोटभर पडद्यावर बघितला, याचा राग अजून आहे.

म्हणून ॲडलेडचं तिकीट काढलं. शहरातली ट्राम फुकट, थेट एंटरटेनमेंट सेंटरपर्यंत सोडते. तिथून घोळक्यामागे चालत सुटायचं. ट्रामचा डबा खच्चून भरलेला, पण कोणी कोणाला कोपर मारत नव्हतं. लोकलवाल्याला हे जरा अळणीच वाटतं. सामना रात्री साडेआठला, म्हणजे बहिणीच्या घरी जेवण आटोपायची वेळ. माझ्या अवतीभवती चिनी विद्यार्थी, गालांवर लाल झेंडे, 'ज्याऽयो'चा, म्हणजे 'जोर लावा'चा, नुसता गजर. शेजारी शांघायच्या एक आजी, मुलीकडे आलेल्या. चिकन सॉल्ट, म्हणजे तिथलं मसाल्याचं मीठ, भुरभुरलेल्या बटाट्याच्या सळ्या त्यांनी न विचारता माझ्यापुढे धरल्या. मुलीने सांगितलं, २००६ मध्ये चीनने आशियाई चषक याच मैदानावर जिंकला होता, आणि त्यानंतरचा थेट नेरूळला. मी छातीवर हात ठेवून "नेरूळ, मी!" म्हणालो. आजींनी आणखी सळ्या दिल्या.

चौथ्या मिनिटाला पहिला गोल बसला. इंग्लंडने मागे तीनच खेळाडू ठेवायचा नवा डाव मांडला होता आणि चीनला तो शेवटपर्यंत उमगला नाही. लॉरेन जेम्स तर अंगणात लंगडी खेळावी तशी फिरत होती: दोन गोल स्वतःचे, तीन दुसऱ्यांना करून दिलेले. मध्यंतराला ३-०. मी आजींना बोटांनी खुणावलं, नेरूळला दोन होते, इथे तीन, काही बिघडत नाही. वांग श्वांगने पेनल्टी मारली तेव्हा आम्ही दोघं उभे राहिलो. पुढे आणखी तीन बसले. ६-१. महिला विश्वचषकात चीन पहिल्या फेरीतच बाद होण्याची ही पहिलीच वेळ.

माझ्या जागेवरून श्वेईबाई अंगठ्याएवढ्या दिसत होत्या. इंग्लंडला पाठिंबा द्यायला आलेली मंडळी आरडाओरडा करत होती, ती करणारच. चिनी पोरं मात्र सामना संपल्यावरही बसून राहिली आणि खेळाडू फेरी मारायला आल्यावर टाळ्या वाजवल्या. हे मला आवडलं. आपल्याकडे एव्हाना पुतळे जळले असते.

त्याच वर्षी शियामेनला ऑलिंपिक पात्रता फेरीत चीनला उत्तर कोरियाने हरवलं, दक्षिण कोरियाशी बरोबरी झाली, पॅरिस ऑलिंपिक हुकलं आणि पुढे बाईंचं पदही गेलं. त्यांच्या जागी आले आंते मिलिचिच, ऑस्ट्रेलियाचे. बहिणीने ती बातमी मला हसण्याच्या इमोजीसकट पाठवली. मी उत्तर दिलं नाही.