लेटनची ड्रॉइंग्ज आणि अर्जातला 'संस्था' हा रकाना

लंडनला जाऊन व्हिक्टोरियन चित्रकारांची मूळ ड्रॉइंग्ज पाहायची असतील, तर तिकीट काढण्याआधी संग्रहालयाला ईमेल करा. माझं तिकीट आधी झालं होतं, त्यामुळे पुढच्या सगळ्या प्रकारात जीव टांगणीला लागला.

मला फ्रेडरिक लेटन या व्हिक्टोरियन चित्रकाराच्या 'कॅप्टिव्ह अँड्रोमकी' या चित्रासाठीची फिगर ड्रॉइंग्ज, म्हणजे माणसांच्या आकृत्यांची ड्रॉइंग्ज, पाहायची होती. सुमारे चार मीटर रुंदीचं हे चित्र १८८८ साली लंडनच्या रॉयल अकॅडमीच्या प्रदर्शनात लागलं. आता ते मँचेस्टर आर्ट गॅलरीत आहे. ते तिथे कुणालाही पाहता येतं. कागदावरची ड्रॉइंग्ज मात्र उजेडाने खराब होतात म्हणून पेटीत ठेवतात आणि वेळ ठरवूनच दाखवतात. ते योग्यच आहे.

मी ज्या संग्रहालयाकडे अर्ज केला, त्यांच्या फॉर्ममध्ये 'तुमची संस्था' हा रकाना भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नव्हतं. मी पुण्यात ड्रॉइंगचे क्लास घेते, एलिमेंटरी-इंटरमीजिएटची मुलं बसवते. क्लासचं नाव लिहिलं. उत्तर आलं, संस्थेच्या लेटरहेडवर पत्र जोडा. माझ्याच लेटरहेडवर माझंच पत्र चालेना. जुन्या कॉलेजात विचारलं, तर तिथे आजी विद्यार्थ्यांनाच पत्र देतात. पुन्हा ईमेल केला, पुन्हा तोच ठरावीक मजकूर. इकडे निघायची तारीख जवळ येत होती.

शेवटी मी फॉर्म सोडला आणि सरळ पत्र लिहिलं. कुठली ड्रॉइंग्ज हवीत त्यांचे नोंदणी क्रमांक दिले (ते ऑनलाइन कॅटलॉगमध्ये मिळतात, आधीच उतरवून ठेवा), नग्न आकृतीच्या अभ्यासावरून ड्रेपरीपर्यंत (अंगावरच्या वस्त्राच्या चुण्यांपर्यंत) लेटन कसा जातो ते मला मुलांना शिकवायचंय, असं स्पष्ट लिहिलं. तेव्हा कुणीतरी माणसाने वाचलं. संस्थेचं पत्र सक्तीचं नाही, म्हणे! मग तो रकाना सक्तीचा का? किती क्लासवाले, किती हौशी चित्रकार तिथूनच परत फिरले असतील, या विचाराने मला अजून चीड येते. ज्यांना हाताने काम करायचंय त्यांनाच ही ड्रॉइंग्ज सगळ्यात जास्त उपयोगाची आहेत.

प्रत्यक्ष खोलीत काहीच त्रास झाला नाही. बॅग बाहेर, हात धुवायचे, पेन बंद, फक्त पेन्सिल. पत्त्याच्या पुराव्यासाठी बँकेचं स्टेटमेंट न्या. बहिणीच्या घरचं वीजबिल चाललं नाही.

आणि मग ते तपकिरी कागद समोर आले. काळ्या खडूत आधी बाईची नग्न आकृती, वजन कुठल्या पायावर आहे ते चार रेषांत पक्कं केलेलं. दुसऱ्या कागदावर तीच ठेवण, पण आता अंगावर वस्त्र, आणि प्रत्येक चुणी गुडघ्यापासून, खांद्यापासून ओढलेली. पांढरा खडू फक्त जिथे खरंच उजेड पडतो तिथे. मधला टोन कागदाचा कागदालाच सांभाळू दिलाय. पुस्तकातल्या छपाईत हा पांढरा जवळजवळ मरतो. एका कागदावर आकृती मोठी करून उतरवण्यासाठी आखलेल्या चौकटीही दिसल्या. मी तास संपेपर्यंत कॉपी करत बसले, आणि एक गुडघा मला अगदी बरोबर जमला.

तपकिरी कागद इथूनच घेऊन जा, पांढऱ्यावर कॉपी केली तर निम्मी गंमत हातातून जाते. खडू आत नेता येत नाही, तेव्हा पांढरी पेन्सिल चालते का ते आधी विचारून ठेवा. लेटनचं हॉलंड पार्कमधलं घर आता संग्रहालय आहे, त्यांच्याकडेही त्याच्या ड्रॉइंग्जचा मोठा संग्रह आहे. त्यांनाही त्याच वेळी लिहा.