तुम्ही विचारलंत म्हणून: बाप तसा, मग मुलगा?

"बापाचं बाहेर प्रकरण असलं की कथेतला मुलगाही पुढे तसाच निघणार ना?" नव्याने लिहू लागलेली मंडळी मला हे हमखास विचारतात. तुम्हीही विचारलंत.

निघतो कधीकधी. पण आर्थर मिलरचं 'डेथ ऑफ अ सेल्समन' (१९४९) नाटक बघा. शाळकरी बिफ बोस्टनच्या हॉटेलात बापाला गाठतो, तर खोलीत परकी बाई. बापाने कबूल केलेले नवे लांब मोजे ती त्याच्यादेखत मागते. "तू तिला आईचे मोजे दिलेस!" असं बिफ ओरडतो. घरी आई फाटके मोजे शिवत असते. बिफ आईला यातलं काही सांगत नाही. चौतिशीला आला तरी ना नोकरी टिकते, ना संसार मांडतो. धाकट्या हॅपीला मात्र हे काहीच ठाऊक नाही, आणि बायकांच्या मागे लागणारा तोच! साहेबलोकांच्या वाग्दत्त वधूंना नादी लावतो आणि वर त्यांच्या लग्नांनाही जातो.

म्हणजे ज्याला कळलं तो अडकून पडला, ज्याला कळलं नाही तो बापाच्या वाटेने गेला. म्हणून मी आधी विचारते, मुलाला कळलं कधी? आणि कळल्यावर त्याने कुणाकुणापासून लपवलं? आईशी रोज खोटं वागणं हाच त्याचा पहिला सराव असतो. पुढे बायकोशी तो काही बोलतच नाही, नाहीतर सारखी तिचीच उलटतपासणी घेतो.

इब्सेनच्या 'घोस्ट्स' या नाटकात (१८८१) बापाचं प्रकरण लपवते ती आई. मुलगा घरातल्या मोलकरणीच्या प्रेमात पडतो आणि ती निघते बापाचीच मुलगी. हे जरा जास्तच जुळवून आणलेलं वाटतं मला.

तुर्गेनेव्हची 'पहिलं प्रेम' (१८६०) ही दीर्घकथा मला जास्त छळते. सोळा वर्षांच्या मुलाचं जिच्यावर प्रेम, तिचंच बापाशी प्रकरण. बाप तिच्या उघड्या हातावर चाबूक ओढतो आणि ती त्या वळाचं चुंबन घेते. मुलगा लपून पाहतो. बापाचा द्वेष मात्र त्याला करताच येत नाही. उलट स्वतःचं प्रेमच त्याला पोरकट वाटू लागतं. ही गोष्ट तो सांगतो तेव्हा चाळिशीचा आहे, अविवाहित.

तुम्ही पाठवलेल्या मसुद्यात मुलगा पहिल्याच पानावर बापावर संतापलेला आहे. तो संताप खोडून एकदा लिहून बघा.