पाण्यावरचं बिऱ्हाड

घर बदलताना आमचं कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. वर दोघे, खाली तिघे. वरच्यांना कठड्यात रुतलेला कोपरा दिसत होता, म्हणून ते "मागं घ्या, मागं घ्या" असं ओरडत होते. खालच्यांना कपाटाच्या पाठीपलीकडचं काहीच दिसत नव्हतं. त्यातून मी जिन्याच्या तळाशी कमरेवर हात ठेवून उभा. सामानाचा धनी बघतोय म्हटल्यावर खालच्यांना चेव आला. त्यांनी असा काही रेटा दिला की कपाटाचा आरसा तडकला आणि वरच्यांपैकी एकाचा अंगठा चेंगरला. मी तिथून बाजूला झालो, तेव्हा कुठे कपाट सुटलं.

त्या रात्री खोक्यांच्या ढिगाऱ्यात बसल्यावर मला झर्क्सीस आठवला. इसवी सनापूर्वी 480 साली हा पर्शियाचा राजा ग्रीसमधल्या सॅलमिसच्या सामुद्रधुनीकाठी उंचावर आसन मांडून बसला होता. आपलं अफाट आरमार ग्रीकांचा कसा चुराडा करतं ते त्याला डोळ्यांनी पाहायचं होतं. खाली चिंचोळं पाणी आणि त्यात वल्ह्यांची शेकडो जहाजं. ग्रीकांचा मार बसल्यावर पुढची जहाजं माघारी वळायला लागली. मागच्यांना मात्र राजासमोर मर्दुमकी दाखवायची होती, ती पुढंच घुसत राहिली. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने हे अगदी स्वच्छ लिहून ठेवलंय. आपलीच जहाजं आपल्याच जहाजांवर आदळली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे पर्शियाकडच्या पुष्कळांना पोहताही येत नव्हतं. आरमार मोडल्यावर एवढ्या सैन्याला खायला कसं घालायचं हा प्रश्न उभा राहिला आणि राजा मोठ्या फौजेसह घरी परतला. माझा फक्त आरसा गेला.

लहानपणापासून आपण लढाया मोजून समजून घेतो. याच्याकडे इतके, त्याच्याकडे तितके. मग एखादं बलाढ्य आरमार बुडालं की नवल वाटतं, आणि वारा, वादळ, दैव असली नावं घेऊन आपण मोकळे होतो. मला वाटतं गोंधळ त्या 'आरमार' शब्दापाशीच आहे. स्वारीला निघालेलं आरमार बरंचसं बिऱ्हाड असतं. त्यात सैनिक, घोडे, दाणागोटा, पाणी, तंबू, कुदळी, किल्ले फोडायच्या तोफा असं सगळं लादलेलं असतं, आणि त्यातलं बहुतेक किनाऱ्याला लागल्यावरच उपयोगाचं. तोवर ते नुसतं वजन. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणतात, पण विंचवाची नांगी निदान मोकळी असते. इथं नांगीच खोक्यात बांधलेली.

1588 साली इंग्लंडवर स्वारीला निघालेलं स्पॅनिश आरमार घ्या. सुमारे 130 जहाजं, तीस हजारांच्या आसपास माणसं, आणि त्यात खलाशांच्या दुपटीहून जास्त शिपाई. योजना अशी की इंग्रजांच्या जहाजाला भिडायचं, शिपायांनी त्यावर उड्या टाकायच्या आणि मग जमिनीवरच्यासारखं लढायचं. इंग्रज भिडण्याइतके जवळ आलेच नाहीत. ते लांबून तोफा डागत आणि वाऱ्याचा फायदा धरून निसटत. स्पॅनिश जहाजांवरच्या मोठ्या तोफांपैकी कितीतरी जमिनीवरच्यासारख्या मोठ्या चाकांच्या गाड्यांवर. दाटीवाटीच्या डेकवर एकदा उडवली की ती मागे ओढून पुन्हा भरायची कशी? त्यात तोफा देशोदेशीच्या, गोळ्यांची मापं वेगवेगळी. बुडालेल्या जहाजांच्या अवशेषांत पुढं मोठ्या तोफांचे न उडवलेले गोळे ढिगानं सापडले.

नव्या घरातली पहिली रात्र मी जमिनीवर झोपून काढली. पलंग होता, त्याचे सोळा बोल्ट होते, पानाही होता. पण पाना सगळ्यात खालच्या खोक्यात होता, आणि तो सापडल्यावर कळलं की बोल्ट दोन मापांचे आहेत.

पण स्पेनच्या या बिऱ्हाडाला मला सगळ्यात जास्त बाधलेली वाटतात ती पिंपं. आदल्या वर्षी, 1587 मध्ये, ड्रेक या इंग्रज कप्तानाने स्पेनमधल्या कादिझच्या बंदरावर धाड घातली आणि जहाजं जाळली, ही गोष्ट चवीनं सांगितली जाते. त्याच मोहिमेत त्याने पिंपं बनवायच्या सुकवलेल्या लाकडी फळ्यांचा मोठा साठाही जाळला, हे मात्र कोणी फारसं सांगत नाही. पिंपाच्या फळीचं लाकूड नीट सुकलेलं लागतं. ओल्या लाकडाचं पिंप सुकत जाताना आक्रसतं, फटी पडतात, पाणी झिरपतं, आतलं मांस नि मासे कुजतात. घाईघाईनं अशीच पिंपं करावी लागली. मोहीम निघून पुरते दोन महिने झाले नव्हते तोवर अन्न नासायला लागलं होतं, पाण्याला वास मारत होता. शत्रू अजून दिसलाही नव्हता. माझ्या सामानात तेलाच्या डब्याचं झाकण ढिलं राहिलं तर पुस्तकांची दोन खोकी गेली. त्या हिशेबानं हजारो पिंपांची कल्पना करून पाहावी.

बिऱ्हाडाचा आणखी एक शाप म्हणजे सगळ्यांनी बरोबर राहायचं. जोरकस लढाऊ जहाजं आणि मालाची जड, सुस्त गलबतं एकाच ताफ्यात, त्यामुळे सगळ्यात मंद असेल त्याची चाल तीच सगळ्यांची चाल. शिवाय ठरल्या जागी जायचंच असतं. बचाव करणाऱ्याला काहीच ठरल्या जागी करायचं नसतं. तो आज लढेल, उद्या बंदरात जाऊन दारूगोळा भरून येईल. स्पेनच्या आरमाराला तर वाटेत दुसरं बिऱ्हाड उचलायचं होतं. स्पेनचाच सेनापती असलेल्या पार्माच्या ड्यूकची फौज इंग्लंडसमोरच्या फ्लँडर्सच्या किनाऱ्यावर सपाट तळाच्या होड्या घेऊन थांबली होती. तिच्या तोंडाशी स्पेनशी लढणाऱ्या डचांच्या उथळ पाण्यात फिरणाऱ्या नावा टपून बसलेल्या. स्पेनची खोल बुडाची जहाजं त्या उथळात शिरू शकत नव्हती आणि होड्या बाहेर येऊ शकत नव्हत्या. दोन्ही बाजू तयार, मधे काही मैल पाणी, आणि निरोप पोचायला दिवसचे दिवस. असली योजना कागदावर फार सुबक दिसत असणार.

मग फ्रान्सच्या कॅले बंदरासमोर नांगरलेल्या या ताफ्यावर इंग्रजांनी ऑगस्टमधल्या एका रात्री आठ पेटती जहाजं सोडली. आगीनं एकही जहाज जळालं नाही. पण कप्तानांनी घाबरून नांगरांचे दोर कापले. ते नांगर तिथंच तळाला राहिले, आणि नांगराविना ही जहाजं उत्तरेकडून वळसा घालून परतताना महिन्याभरानं आयर्लंडच्या वादळात सापडली तेव्हा खडकांपासून लांब राहायला त्यांच्याकडे काहीच उरलं नव्हतं. वीसहून अधिक जहाजं त्या किनाऱ्यावर फुटली. त्या एका रात्रीच्या भीतीची किंमत अशी हप्त्याहप्त्यानं गेली.

वाऱ्याला श्रेय द्यायला जिंकणाऱ्यांनाही आवडतं. देवानं फुंकर मारली आणि ते विखुरले, अशा अर्थाची पदकंसुद्धा पाडली गेली. जपान्यांनी तर 1281 च्या वादळाला 'दैवी वारा' म्हटलं. तेव्हाच्या नोंदींप्रमाणे जपानवर चालून आलेल्या मंगोल सम्राट कुबलाई खानाच्या दोन ताफ्यांत मिळून चार हजारांवर जहाजं आणि लाखाच्या वर माणसं होती. आकडे फुगवलेले असणार, पण निम्मे धरले तरी छाती दडपते. मात्र 1274 च्या पहिल्या स्वारीनंतर जपान्यांनी हाकाता उपसागराच्या काठानं लांबलचक दगडी भिंत बांधून ठेवली होती. कोरियाहून निघालेला ताफा आधी पोचला, चीनहून यायचा तो रेंगाळला, भिंतीमुळे धड पाय ठेवायला जागा मिळेना. मग उन्हाळाभर माणसं जहाजांतच. रात्री जपानी छोट्या नावांतून येऊन जहाजांवर चढत, कापाकापी करत, आग लावून पळत. त्यात रोगराई. त्या समुद्रात ऑगस्टपर्यंत उघड्यावर बसलात तर कधी ना कधी तुफान गाठणारच. वारा दैवी असेल, पण पाहुण्यांना तोवर दारातच ताटकळत ठेवलं होतं ते भिंतीनं.

माझ्या जिन्याचा प्रकार पुढंही घडलाच. कोरियाच्या यी सुन-सिन या सरदारानं 1597 मध्ये म्योंगन्यांगच्या अरुंद खाडीत अवघ्या 13 जहाजांनिशी जपानची शंभराहून अधिक जहाजं अडवली. तिथली ओढ भयंकर, आणि ती भरती-ओहोटीबरोबर दिशा बदलते. ओढ फिरली तशी जपानी जहाजं एकमेकांवर आपटू लागली.

बिऱ्हाड सुखरूप पोचलंच नाही असं नाही. दुसऱ्या महायुद्धात 6 जून 1944 ला दोस्त राष्ट्रांचं बिऱ्हाड फ्रान्सच्या नॉर्मंडीत पोचलं. पण त्या लोकांनी आधी समुद्र आणि आकाश हातात घेतलं, खराब हवेसाठी एक दिवस दम धरला आणि मुख्य म्हणजे अख्खी बंदरंच तुकड्या-तुकड्यांनी बांधून बरोबर नेली, एक नव्हे दोन! त्यातलं अमेरिकनांचं बंदर दोन आठवड्यांत वादळानं मोडलं. दुसरं होतं म्हणून निभावलं.

स्पेनच्या मोहिमेवर नेमलेल्या मेदिना सिदोनियाच्या ड्यूकनं नेमणूक होताच कळवलं होतं की मला समुद्र सोसत नाही, बोट लागते, सर्दी होते. लोक त्याला हसतात. मला तो त्या सगळ्यांत शहाणा वाटतो. राजानं ऐकलं नाही. उत्तर समुद्रातून वळसा घालून परतायची वेळ आली तेव्हा पाणी इतकं कमी उरलं होतं की त्यानं घोडे आणि खेचरं समुद्रात ढकलायला लावली. इंग्लंडच्या रस्त्यांवर तोफा ओढण्यासाठी आणलेली ती जनावरं. नंतर तिथून गेलेल्या एका व्यापारी जहाजाला जवळपास एकही शीड दिसलं नाही, नुसते पोहत राहिलेले घोडे आणि खेचरं दिसली.