आमच्या घरातले दोन वेगळे ‘व्हायरल’

‘व्हायरल आहे, घरात एकाला झालं की सगळ्यांना होणारच.’ श्रावणात आमच्या इंदिरानगरच्या घरी आबा, म्हणजे माझे सासरे, आणि सात महिन्यांची धाकटी असे दोघं एकदमच आजारी पडले, तेव्हा विचारपूस करायला येणारा प्रत्येक जण हेच म्हणत होता. प्रत्यक्षात दोघांना दोन निराळे विषाणू झाले होते आणि ते घरात निराळ्या वाटांनी आले होते. दोघांचं करायचंही निराळं होतं. तान्हं बाळ आणि मधुमेह असलेलं वयस्कर माणूस एकाच छताखाली असेल, तर हा फरक कळणं फार गरजेचं आहे, म्हणून सविस्तर लिहितेय.

आबा श्रावणी सोमवारी त्र्यंबकेश्वरला दर्शनाला गेले होते. तिथे तासन्‌तास रांग, आणि परतताना पावसामुळे सगळ्या काचा लावलेली, खच्चून भरलेली एसटी. बुधवारी दुपारी नीट जेवले आणि संध्याकाळी एकदम हुडहुडी भरली. ताप १०२ च्या वर, पाठ आणि पिंढऱ्या अशा ठणकत होत्या की कूस बदलतानाही कण्हायचे. कोरडा खोकला होता, पण नाक फारसं वाहत नव्हतं.

धाकटीचं दुखणं हळूहळू चढलं. तिच्या दादाला बालवाडीतून सर्दी लागली होती. तो नाक पुसत घरभर खेळत होता, तिच्या तोंडात खुळखुळा देत होता. त्यानंतर काही दिवसांनी, आबा त्र्यंबकला जायच्या आधीच, तिचं नाक गळायला लागलं. मग खोकला आला. ताप जेमतेमच, पण छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला आणि दूध पिताना ती मधेच सोडून द्यायची.

डॉक्टरांनी औषध लिहिण्याआधी विचारलं, कुणाला काय कधी सुरू झालं ते वारासकट सांगा. फ्लूचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसायला साधारण १ ते ४ दिवस लागतात, बहुतेकदा दोनच. आरएसव्ही नावाचा विषाणू बाळांच्या फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिका सुजवतो. त्याला बहुधा ४ ते ६ दिवस लागतात. म्हणजे सोमवारची गर्दी आणि बुधवारचा ताप हे फ्लूशी जुळत होतं, दादाची सर्दी आणि बाळाची छाती आरएसव्हीशी. पण नुसत्या लक्षणांवरून खात्री देता येत नाही, कोरोना यातल्या कुठल्याही रूपात येऊ शकतो, असं सांगून त्यांनी दोघांचे नाकातले स्वॅब पाठवायला लावले.

आबांचं औषध मात्र रिपोर्टसाठी थांबलं नाही. फ्लूवरचं ऑसेलटॅमिवीर पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं, आणि मधुमेह असलेल्याला फ्लूतून न्यूमोनिया होण्याची भीती जास्त. मला ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वाटते. ‘दोन दिवस बघू’ म्हणण्यात तेच दोन दिवस निघून जातात.

रिपोर्ट आले. आबांना इन्फ्लुएन्झा ए, म्हणजे फ्लूच, त्यातला एच३एन२ हा प्रकार. धाकटीला आरएसव्ही. कोरोना दोघांनाही नाही. ‘इन्फ्लुएन्झा ए’ ऐकून शेजारच्या काकू स्वाइन फ्लू म्हणून घाबरल्या. २००९ मध्ये पुण्यात जे झालं ते आपल्याकडे कुणीच विसरलेलं नाही. पण तो विषाणू एच१एन१. तोही ए गटातलाच, आणि आता दरवर्षीच्या हंगामी फ्लूमध्ये मिसळून गेलेला.

मग घराची विभागणी केली. फ्लू खोकल्या-शिंकण्यातून, बोलण्यातूनही पसरतो, कोंदट खोलीत जास्तच, आणि ताप यायच्या आदल्या दिवसापासून दुसऱ्याला लागू शकतो. पहिले तीन-चार दिवस सर्वांत जोखमीचे. म्हणून आबांच्या खोलीच्या समोरासमोरच्या खिडक्या पाऊस असला तरी किलकिल्या ठेवल्या, आबांना मास्क, आणि त्यांचं सगळं माझ्या नवऱ्याने बघायचं. आरएसव्ही जवळून उडणाऱ्या शिंतोड्यांतून तर येतोच, पण हातांवरूनही बराच फिरतो. पाळण्याच्या दांडीसारख्या कडक पृष्ठभागावर तो कित्येक तास टिकतो, आणि तो हात नाका-डोळ्यांना लागला की झालं. म्हणून खेळणी रोज साबणाने धुवायची, पापे बंद, आणि दादाचे हात प्रत्येक वेळी धुवून घ्यायचे. म्हाताऱ्यांनाही आरएसव्ही जड जातो, त्यामुळे आबा बरे होत आले तरी त्यांना नातीजवळ जाऊ दिलं नाही. याचं त्यांना फार वाईट वाटलं.

धाकटीसाठी विषाणू मारणारं औषध नव्हतं आणि अँटिबायोटिकचा उपयोग नव्हता. नाकात सलाइनचे थेंब, थोडं थोडं दूध, आणि लक्ष. सासूबाईंनी मायेने पाळण्याला बांधलेली ओवा-कापराची पुरचुंडी डॉक्टरांनी काढायला लावली, कारण कापूर तान्ह्या बाळाला घातक ठरू शकतो. वाफाराही नको, भाजण्याचा धोका. त्यांनी मला श्वास मोजायला शिकवलं: बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट. २ महिने ते एक वर्ष या वयात ५० किंवा जास्त म्हणजे श्वास जलद. बरगड्यांखाली खड्डा पडणं, नाकपुड्या फुलणं, लंगोट नेहमीपेक्षा कमी ओले होणं, यातलं काहीही दिसलं तर लगेच निघा. ओठ निळसर दिसले तर क्षणभरही थांबू नका.

आरएसव्ही साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात जोर धरतो. तिचंही तसंच झालं. एका रात्री मोजले तर श्वास साठच्या पुढे, आणि बरगड्यांखाली खड्डा. आम्ही तशाच पावसात निघालो. तिला ऑक्सिजन लावावा लागला, नळीने दूध द्यावं लागलं. हळूहळू श्वास खाली आला, आणि ती पुन्हा भुकेने रडली तेव्हा वॉर्डातली सिस्टरच आधी हसली. खोकला पुढे बरेच दिवस राहिला. आबांचा ताप उतरला तरी थकवा रेंगाळला.

आता आबांना दरवर्षी पावसाळ्याआधी फ्लूची लस द्यायची ठरवलंय. एकदा एच३एन२ होऊन गेला म्हणून बाकीच्या प्रकारांपासून संरक्षण मिळत नाही. सहा महिन्यांनंतर बाळालाही ती देता येते, पहिल्या खेपेला महिन्याच्या अंतराने दोन डोस. धाकटीचा पहिला झालाय. आरएसव्हीवर मात्र ही लस काम करत नाही, त्यामुळे दादाला सर्दी झाली की त्याच्या हातातला खुळखुळा आधी साबणाखाली जातो.